डिलिव्हरी मतदानाच्या दिवशी

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

नवी वही. खरं तर मापांसाठी आणली होती. पहिल्या पानावर कुणाची तरी कंबर लिहिलेली आहे (अडतीस, सैल हवी), ती तशीच राहू देतो. पुढेमागे लोक ही वही बघायला येतील तेव्हा म्हणतील, माणूस शेवटपर्यंत जमिनीवर होता.

काल जेवताना ठरलं. नगरपरिषदेची निवडणूक लढवायची. अपक्ष.

कल्पना मेव्हण्याची, मोठेपण माझं. मेव्हणा जेवायला आला की आमच्या घरात काहीतरी निर्णय होतोच. मागच्या वेळी आला तेव्हा ओव्हरलॉकचं मशीन विकलं. काल त्याने ताटाशेजारी फोन ठेवून आकडे वाचले. आपल्या प्रभागात मतदार दोन हजार एकशे चाळीस. गेल्या खेपेला मत दिलं किती जणांनी? एकशे त्र्याण्णव. निवडून आलेल्याला पडली एकशे चार.

एकशे चार! तेवढ्यावर माणूस पाच वर्षं खुर्चीला चिकटून बसतो. (आम्ही त्याला सिटिंगच म्हणतो.)

मग मेव्हण्याने विचारलं, भावोजी, तुमच्या दुकानात सध्या किती लोकांचे कपडे पडून आहेत? मी म्हणालो, पडून नाहीत, कामात आहेत. आज सकाळी मोजले. एकशे त्रेसष्ट गिऱ्हाइकं.

एकशे त्रेसष्ट विरुद्ध एकशे चार. निकाल लागलेला आहे, निवडणूक तेवढी व्हायची आहे.

बायकोने विचारलं, माझा कोट धरून की सोडून? म्हटलं, सोडून. घरचं मत मोजायचं नसतं, ते असतंच.

३ नोव्हेंबर, सोमवार.

कोटाबद्दल लिहून ठेवतो, नाहीतर उद्या भलतंसलतं छापून येईल. कापड वाइन रंगाचं, लोकरी. हिने स्वतः चार दुकानं फिरून आणलं, तीन हिवाळे झाले. अंग शिवून तयार, अस्तर लागलेलं, कॉलर तर अशी बसली आहे की बघत राहावं. फक्त बाह्या बाकी. गिऱ्हाइकांचं आधी आणि घरचं मागून, हे वडिलांपासूनचं तत्त्व आहे. आईचा एक झगा त्यांनी एकोणीस वर्षांनी दिला. तोवर तिला तो येत नव्हता, पण तो वेगळा विषय.

आज ही म्हणाली, मतदानाला मी कोट घालून जाणार. गेल्या वेळी तुम्ही मला दुकानात बसवून मत द्यायला गेलात आणि गप्पा मारत बसलात, तोवर केंद्र बंद झालं. या वेळी मी जाणार म्हणजे जाणार.

म्हटलं, अगं, या वेळी तू उमेदवाराची पत्नी आहेस. बाह्या मंगळवारी नक्की.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

अर्ज भरला. शेवटचा दिवस, तीनला खिडकी बंद. मी तीनला चार कमी असताना पोचलो. वेळेत! टेलर वेळ पाळत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडात मारली.

चिन्हांची सोडत. मला कात्री हवी होती. कात्री मिळाली सिटिंगला, ज्याला ती कुठल्या बाजूने धरायची हे माहीत नाही. मला कुलूप. तिसऱ्या उमेदवार मोठ्या बाई, समोरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना शिट्टी. त्यांना शिट्टीची गरज नाही, त्यांनी नुसतं बघितलं तरी सोडतीचा कारकून उभा राहिला. त्याच शाळेचा विद्यार्थी असणार.

कुलुपाचा अर्थ मेव्हण्याने लावला: सुरक्षितता. मौनीबुवांनी (आमचे जुने कारागीर, मशीनवर बसले की दिवसाला तीन शब्द बोलतात) कुलूप बघितलं, दुकानाकडे बघितलं, आणि पायडल मारायला लागले.

९ नोव्हेंबर, रविवार.

डावपेच. फक्त या वहीसाठी.

माझा विजय कमी मतदानावर उभा आहे. लोक नेहमीप्रमाणे घरी बसले पाहिजेत. माझे एकशे त्रेसष्ट तेवढे बाहेर पडले पाहिजेत. पण ते तरी कसे पडणार? मतदान केंद्र समोरच्या शाळेत आहे, माझ्या दुकानापासून रस्ता ओलांडला की फाटक. तेवढा रस्ता ओलांडायला या प्रभागात कुणी पाच वर्षांत तयार झालेलं नाही.

इथे मला सुचलं. दाढी करताना सुचलं, म्हणून गाल कापला.

सगळ्यांच्या कपड्यांची डिलिव्हरी मतदानाच्याच दिवशी द्यायची! त्याआधी रुमालसुद्धा नाही. स्वतःचे कपडे न्यायला माणूस येणारच. हातात कोरा शर्ट, मनात कृतज्ञता, समोर फाटक. थेट जाऊन कुलुपावर शिक्का.

मेव्हण्याने मला नमस्कार केला. बायको म्हणाली, एकशे त्रेसष्ट जणांचे कपडे तोवर शिवणार कोण? ही माणसं एवढीच उरली आहेत आपली, बाकी सगळी कोपऱ्यावरच्या रेडिमेडवाल्याकडे गेली. त्यांच्या कपड्यांशी खेळू नका.

तिला राजकारण कळत नाही. सोळा दिवस आहेत. रोज अकरा नग. संकल्प केला.

१० नोव्हेंबर, सोमवार.

निवडणूक कारकुनाकडे जाऊन आचारसंहितेबद्दल विचारलं. मतदाराला मतदानाच्या दिवशी त्याचेच कपडे दिले तर ते आमिष होतं का? त्याने पुस्तक उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. म्हणाला, त्याचेच? शिवायला दिलेले? असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मग हळूच म्हणाला, माझी एक पँट आहे तुमच्याकडे, दीड वर्ष झालं.

म्हटलं, मंगळवारी, पंचवीसला. नक्की.

नग: दोन. उद्या वीस करून भरून काढतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

सर्वांना फोनवर निरोप पाठवला: ‘आपले कपडे मंगळवार, दि. २५ रोजी सकाळी ७ ते सायंकाळी ६ या वेळात तयार मिळतील. कृपया त्याच दिवशी यावे. समोर मतदान केंद्र आहे, हा योगायोग.’

उत्तरं आली. पंचावन्न जणांनी हसरे चेहरे पाठवले. नऊ जणांनी विचारलं, कुठल्या सालचा मंगळवार? लोकांमध्ये उत्साह आहे.

निवृत्त पोस्टमन नेहमीप्रमाणे मंगळवारी दहाच्या ठोक्याला येऊन गेले होते. दोन वर्षं ते दर मंगळवारी येतात, पँट झाली का विचारतात, नाही म्हटलं की बरं म्हणतात, जातात. असा मतदार लाखात एक. त्यांना तोंडी सांगितलं. त्यांनी पंचवीस तारीख दोनदा म्हणून बघितली.

नग: शून्य. प्रचार.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.

संकट. मोठ्या बाई घरोघर जाऊन सांगत आहेत, मत कुणालाही द्या, पण द्या. टक्केवारी नऊवरून वर गेली पाहिजे म्हणे! त्यांना अशी खाज का सुटावी कळत नाही. पाटीवर लिहिलेल्या बेरजा पुसायच्या सोडून हे नसते उद्योग.

मीही निघालो. त्यांच्या मागून, एक एक घर सोडून. लोकांना काळजीने सांगितलं की शाळेच्या त्या खोलीत हवा येत नाही. यादीत नाव सापडत नाही. मंगळवारी सुट्टी आहे तर पोरांना घेऊन कुठेतरी फिरून या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, कसलं मतदान? कधी आहे? चौथ्या मजल्यावर एका बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि आम्हाला काही घ्यायचं नाही म्हणाल्या. पाचव्या मजल्यावर कुणी उठलंच नाही.

मतदारांची ही उदासीनता पाहून मन भरून आलं. असा प्रभाग नशिबाने मिळतो.

नग: एक (बटण).

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

ही आता दुपारच्या जेवणाआधीच दुकानात येऊन बसते. काज-बटण, तुरपाई, सगळं तिच्याकडे. मौनीबुवा मशीनवर, ती ओट्यावर, आणि मी प्रचारात. असा जुळून आलेला संच दुसऱ्या उमेदवाराकडे नाही.

तिने आठवण करून दिली, बाह्या मंगळवारी देणार होतात. म्हटलं, पंचवीसलाही मंगळवारच आहे. तिने कोट हँगरवर नीट केला, खांद्यावरचा दोरा उचलला आणि विचारलं, त्या दिवशी मी मत द्यायला कधी जाऊ? म्हटलं, कधीही जा. घरचं मत, शेवटी गेलं तरी चालतं.

पोस्टमन दहाला आले. म्हणाले, आज नाही, पुढच्या मंगळवारी, माहीत आहे. सहज आलो होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

एकशे त्रेसष्टपैकी पूर्ण: चौतीस. कच्ची शिलाई झालेले: साठ. बाकीच्यांचं कापड आहे आणि चांगल्या स्थितीत आहे.

घाबरण्याचं कारण नाही. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हात आपोआप चालतो. त्या दिवशी एकशे त्रेसष्ट जण दारात असतील, हात किती चालेल!

भाषण पाठ करतोय. विजयानंतरचं. आधीचं भाषण करायचं राहून गेलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. मतदान. सकाळी ६.४०.

शटर वर. टेप गळ्यात. कोरा शर्ट माझा स्वतःचा मात्र तयार आहे.

निवडणूक कारकून दारात. उमेदवाराच्या नावाची पाटी केंद्रापासून इतक्या जवळ चालत नाही, झाका म्हणतो. वडिलांच्या काळापासूनची पाटी अस्तराच्या कापडाने झाकली. जाता जाता त्याने पँटचं विचारलं.

मौनीबुवा अजून आलेले नाहीत.

७.०५.

मी पहिला मतदार. केंद्रावरचे चौघे माझ्याकडे बघून दचकले, एवढ्या लवकर कुणी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. कुलुपावर शिक्का मारला. बोटाला शाई.

परत आल्यावर एका पांढऱ्या शर्टाच्या खिशाची घडी घातली. आता त्या खिशाला जांभळा डाग आहे. ओला हात लावून बघितला. आता मोठा डाग आहे.

७.५०.

मौनीबुवांच्या घरी फोन केला. त्यांच्या सुनेने सांगितलं, ते मतदानाला गेले. त्यांचं मत शहराच्या दुसऱ्या टोकाला, भावाकडे. आज मतदानाची भरपगारी सुट्टी असते, कायदा आहे, असं त्यांनी सांगायला सांगितलंय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एवढं बोलले आणि तेही सुनेमार्फत.

लोकशाहीने मला समोरून मारलं असतं तर चाललं असतं.

ही सुईत दोरा घालून बसली. तिचं ओळखपत्र काउंटरवर टेपच्या डब्याखाली ठेवलं आहे.

८.३०.

आले! दारात बावीस जण. असं दृश्य दुकानाने वडिलांच्या काळातही पाहिलं नव्हतं. पहिल्या सहा जणांना तयार कपडे दिले. सातव्याला सांगितलं, पाच मिनिटं. सातव्याने खुर्ची मागितली.

९.३०.

रांग रेडिमेडवाल्याच्या दुकानापर्यंत. सातवा अजून खुर्चीवर.

मोठ्या बाईही आल्या आहेत! उमेदवाराने केंद्राजवळ थांबायचं नाही, म्हणून मी कारकुनाला बोलावलं. त्याने बाईंना विचारलं. बाईंनी पावती दाखवली. राखाडी स्कर्ट, निवृत्तीच्या समारंभासाठी शिवायला दिलेला, समारंभ होऊन दोन वर्षं झाली. कारकून म्हणाला, त्या गिऱ्हाईक म्हणून उभ्या आहेत, कायदा काही करू शकत नाही. आणि त्यांच्या मागे उभा राहिला.

१०.१५.

बाईंनी रांग ताब्यात घेतली. प्रचाराचा एक शब्द नाही, फक्त शिस्त. धक्काबुक्की बंद केली. वहीचं पान फाडून सगळ्यांना नंबर वाटले. मग माझ्याकडे येऊन विचारलं, एका नगाला किती वेळ? म्हटलं, वीस मिनिटं. त्यांनी तोंडी गुणाकार केला आणि रांगेला जाहीर सांगितलं, दहा नंबरच्या पुढच्यांना दुपारपर्यंत काही काम नाही. उन्हात उभं राहून काय करणार? समोर जाऊन मत देऊन या, सावली आहे.

गेले. ओळीने. दोघादोघांनी.

पोस्टमन दहालाच आले होते. नंबर एक्केचाळीस. तेही गेले.

हे माझेच लोक आहेत, एकशे त्रेसष्टमधले. म्हणजे योजना चाललीच आहे. चेहरे थोडे उतरलेले दिसले, पण ते उन्हाने.

११.४०.

खिडकीतून बोटं मोजतोय. शाईची बोटं आतापर्यंत एकशे आठ. सिटिंगचा गेल्या वेळचा आकडा पार!

मेव्हण्याला म्हटलं, तू मत देऊन ये आता. तेव्हा त्याने सांगितलं, त्याचं नाव या प्रभागात नाही.

१२.३०.

गडबड आहे. ही बोटं माझ्या गिऱ्हाइकांची नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या बाई, पूर्ण दार उघडून, नटूनथटून आलेल्या! तिसऱ्या मजल्यावरचे काका! पोरांना घेऊन फिरायला जाणारे सगळे पोरांना घेऊन इथेच!

मेव्हण्याने फोन दाखवला. कुणीतरी माझ्या दुकानाबाहेरच्या रांगेचा फोटो काढला, त्यात मागे शाळेचं फाटक आलं. पाटी झाकलेली, त्यामुळे दुकान आहे हे कळतच नाही. खाली लिहिलंय, आपला प्रभाग जागा झाला, मतदानाला तोबा गर्दी, तुम्ही कुठे आहात? सगळ्या प्रभागात फिरतोय. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी असणार, म्हणून उरलेले निघाले.

शाईची बोटं तीनशे. मोजणं बंद केलं.

ही म्हणाली, जरा जाऊन येऊ का? दुकानातली गर्दी आता कमी आहे. म्हटलं, आत्ता? पंचेचाळीस शर्टांना बटणं नाहीत! जा ना, चार वाजता जा.

२.१०.

काळा धागा संपला. धाग्याचं दुकान मंगळवारी बंद. वाइन रंगाचं रीळ होतं, ते वापरलं. लांबून काळाच दिसतो.

सातवा खुर्चीवर झोपला आहे.

३.३०.

लोक मत देऊन येतात आणि ओल्या बोटाने कपडे चाचपून बघतात. आठ शर्ट जांभळे. एकाला त्याच्या पँटऐवजी दुसऱ्याची दिली, त्याला ती जास्त आवडली, आता परत देत नाही. तिसऱ्याला त्याचं कापड न कापलेलं दिसलं. तो ओरडला नाही. त्याने ते उलगडलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, माझ्या वडिलांचे कपडे तुमच्या वडिलांकडे असायचे. मग रस्ता ओलांडून शाळेत गेला.

मला बरं वाटलं नाही. लिहून ठेवतो, कारण आज दिवसभर मला दुसरं काही नीट आठवणार नाही.

४.२०.

हिला म्हटलं जा. तेवढ्यात एकदम नऊ जण आले. म्हटलं, थांब, एवढे नऊ.

५.४५.

मोठ्या बाईंनी स्कर्ट मागितला. हूक नव्हते. त्यांनी हिच्या शेजारी ओट्यावर बसून स्वतःच लावले, आणि हिला काहीतरी विचारलं. हिने मान हलवली.

६.१०.

फाटक बंद. हुश्श.

अठ्ठावन्न नग दिले. माणूस एका दिवसात अठ्ठावन्न नग देतो, त्याला लोक आळशी म्हणतात!

२६ नोव्हेंबर, बुधवार.

शांतपणे आकडे मांडले. मतदान झालं बाराशे एकेचाळीस. अठ्ठावन्न टक्के! नगरपरिषदेच्या स्थापनेपासूनचा विक्रम. ठीक आहे. माझे एकशे त्रेसष्ट, त्यातले वीस रुसले धरू, उरले एकशे त्रेचाळीस. बाकीची मतं दोघांत फुटतील, थोडी बाद होतील, थोडी कुलूप आवडणाऱ्यांची. चुरस आहे. भाषण पुन्हा एकदा म्हणून बघितलं. ‘हा विजय माझा नाही’ तिथे आवाज छान लागतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.

मोठ्या बाई: आठशे अठ्ठ्याऐंशी.
सिटिंग: तीनशे एक्कावन्न.
मी: दोन.

५.००.

दोन म्हणजे दोनच. फेरमोजणी मागितली. कारकुनाने दोन्ही मतपत्रिका माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाला, मोजा.

एक माझं. दुसरं कुणाचं हे सांगायला नको. साऱ्या प्रभागाने पाठ फिरवली, पण माझ्या माणसाने फिरवली नाही. डोळे भरून आले. घरी जाऊन स्वतः चहा केला आणि हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, काय? म्हटलं, काही नाही, मला माहीत आहे. तिने चहा प्यायला. लाजली असावी.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

उरलेले एकशे पाच जण दोन दिवस येताहेत. कपडे न्यायला नव्हे, कापड परत न्यायला. ज्याचं जेवढं झालंय तेवढं. एकाने नुसती कॉलर नेली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. कारकून पँटचं कापड घेऊन गेला, आणि जाताना नगरपरिषदेचं पाकीट ठेवून गेला. आत प्रमाणपत्र. ‘मतदारांना मोठ्या संख्येने केंद्रापर्यंत आणल्याबद्दल विशेष आभार.’ खाली मोठ्या बाईंची सही. एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

मेव्हणा म्हणाला, फ्रेम करा. त्याला सांगितलं, तू काही दिवस जेवायला येऊ नकोस.

फ्रेम करायला दिलं. मंगळवारी मिळेल.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी १०.

कपाट रिकामं. लाकडी फळ्या पहिल्यांदा बघितल्या, चांगल्या आहेत. हँगरवर दोनच गोष्टी: हिचा कोट आणि पोस्टमनची पँट.

दहाच्या ठोक्याला पोस्टमन आले. पँट झाली का? नाही. बरं. पण आज ते गेले नाहीत. म्हणाले, तुमचं वाईट वाटलं हो. मी दिलं होतं तुम्हाला मत.

म्हटलं, तुम्ही? ते म्हणाले, हो, कुलुपावर. विचार केला, हा माणूस निवडून आला तर दुकान बंद करेल, मग निदान कापड तरी परत मिळेल.

मतं दोनच होती. एक माझं, एक पोस्टमनचं.

११.००.

हिला काही विचारलं नाही. ठरवलं, आज दुसरं काम नाही, सबबही नाही, बाह्या लावूनच टाकायच्या. कोट काढला. पण माप तीन वर्षांपूर्वीचं. म्हणून तिला दुकानात बोलावलं आणि हात पुढे कर म्हटलं.

खांद्यापासून टेप लावला. कोपर. मनगट. एकवीस. तिथून नजर बोटांवर गेली. सुईची टोचणं होती, पुष्कळ. शाई नव्हती. माझ्या बोटावरची अजून गेलेली नाही. त्या दिवशी मी खिडकीत उभा राहून तीनशे बोटं मोजली, आणि हे बोट माझ्यापासून दोन हातांवर दिवसभर काज करत होतं.

म्हटलं, तू गेलीच नाहीस? ती म्हणाली, नऊ जण थांबले होते. मग आणखी अकरा आले. मग फाटक बंद झालं. तुम्हीच म्हणालात, घरचं मत, शेवटी गेलं तरी चालतं.

कुणाला देणार होतीस, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मला लाज वाटली. सगळ्या प्रभागासमोर दोन मतं पडली तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

म्हटलं, बस इथे, तुझ्यासमोर लावतो. आत्ता. मशीनवर बसलो, बाह्या खडूने आखल्या, कापल्या, एकदम सुरेख. रीळ घ्यायला डबा उघडला. वाइन रंगाचं रीळ रिकामं. त्या दिवशी कुणाकुणाच्या काळ्या पँटांवर संपलं.

आणि आज मंगळवार, धाग्याचं दुकान बंद.

तिला सांगितलं. ती उठली, कोट पुन्हा हँगरवर लावला, खांद्यावरचा खडू झटकला. म्हणाली, असू दे, घाई काय आहे, पुढच्या निवडणुकीला अजून पाच वर्षं आहेत.